दृष्टी, संसार आणि एक व्याधी : मल्टिपल स्क्लेरोसिसच्या इतिहासातील रुग्णांची साक्ष

रोगांचा इतिहास बहुधा वैद्यांनी ठेवलेल्या टिपणांवरून लिहिला जातो. तसे होणे स्वाभाविक आहे. टिपणे मागे राहतात, रुग्ण राहत नाहीत. तथापि काही व्याधींच्या बाबतीत वैद्याचे टिपण हे अर्धेच साधन ठरते. मल्टिपल स्क्लेरोसिस ही त्यांपैकी एक होय. या व्याधीत दृष्टीला होणारा उपद्रव पुष्कळदा बाहेरून दिसत नाही. तो येतो, काही आठवड्यांनी ओसरतो आणि पुन्हा केव्हा येईल हे सांगता येत नाही. शिवाय तो बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान, म्हणजे विवाह, अपत्ये आणि उपजीविका यांची घडी बसत असतानाच प्रथम जाणवतो. रुग्णालयात गेलेले काही दिवस सोडले, तर रुग्णाचे बाकीचे सारे आयुष्य घरात, माणसांच्या सहवासात जाते. तेथे कोणी काय जाणले, काय लपविले आणि काय बोलून दाखविले, याची नोंद वैद्यकीय दप्तरांत क्वचितच सापडते. ती शोधावयाची तर रुग्णांच्या रोजनिश्या आणि निबंध यांकडे वळावे लागते. सुदैवाने या व्याधीच्या बाबतीत असे लेखन उपलब्ध असून ते जवळजवळ दोनशे वर्षांच्या कालावधीत पसरलेले आहे.

प्रथम व्याधीचे स्वरूप थोडक्यात पाहणे अवश्य आहे. मज्जातंतूंभोवती एक स्निग्ध आवरण असते व त्यामुळे संदेशांचे वहन जलद होते. या व्याधीत शरीराची संरक्षक यंत्रणाच त्या आवरणावर हल्ला करते आणि मेंदूत व पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत ठिकठिकाणी कठीण चट्टे पडतात. रोगाचे नाव या चट्ट्यांवरूनच पडले आहे. डोळ्यापासून मेंदूकडे जाणारा ऑप्टिक नर्व्ह हा वस्तुतः मेंदूचाच पुढे आलेला भाग असल्यामुळे तोही या हल्ल्यातून सुटत नाही. मग एका डोळ्यापुढे धुके येते, डोळा हलविताना दुखतो, तांबडा रंग विटल्यासारखा दिसतो. चट्टा मेंदूच्या खालच्या भागात, डोळ्यांच्या हालचालींचे नियमन जेथे होते तेथे पडला, तर एका वस्तूच्या दोन वस्तू दिसतात किंवा समोरचे दृश्य सतत थरथरत राहते. ऑप्टिक नर्व्हचा दाह डोळ्याच्या मागच्या बाजूस असेल तेव्हा आरंभी तपासणीत काहीच आढळत नाही. रुग्णालाही दिसत नाही आणि डॉक्टरलाही काही दिसत नाही, असे या अवस्थेविषयी नेत्रवैद्यांत फार पूर्वीपासून म्हटले जाते. म्हण विनोदी आहे. परंतु ज्याच्यावर ती ओढवते त्याच्या वाट्याला या विनोदाची दुसरी बाजू येते. आपल्याला दिसत नाही हे त्याला इतरांस पटवून द्यावे लागते.

या व्याधीचा सर्वांत जुना व तपशीलवार आत्मवृत्तांत ज्याने लिहिला, त्याला तिचे नावही ठाऊक नव्हते. ऑगस्टस देस्ते याचा जन्म १७९४ मधला. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा हा नातू. परंतु त्याच्या मातापित्यांचा विवाह १७७२ च्या राजघराण्यातील विवाहविषयक कायद्यान्वये रद्द ठरविण्यात आल्यामुळे राजकुळातील स्थान त्याला मिळाले नाही. १८२२ च्या डिसेंबरात तो स्कॉटलंडमधील एका आप्ताकडे निघाला. या आप्तावर त्याचे पुत्रवत् प्रेम होते. तो पोहोचण्यापूर्वीच आप्ताचे निधन झाले. अंत्यविधीनंतर लवकरच त्याच्या ध्यानात आले की, बारीक वस्तूंवर नजर ठरत नाही. आलेली पत्रे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली आणि त्यांची उत्तरे दुसऱ्याच्या हातून लिहवून घ्यावी लागली. त्याने नोंदविलेला एक तपशील फार बोलका आहे. वाचावयास बसेपर्यंत अथवा लेखणीचे टोक तासावयास घेईपर्यंत आपल्या डोळ्यांना काही झाले आहे याची त्याला जाणीवच नव्हती. पुढे काहीही उपचार न करता दृष्टी पूर्ववत झाली.

१८२७ साली फ्लॉरेन्स येथे असताना त्याला एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या. तेथील डॉक्टरने दोष पित्तावर ठेवला. कानशिलांना जळवा लावण्यात आल्या, रेचके दिली गेली, दंडातून रक्त काढण्यात आले. काही काळाने द्विदृष्टी गेली. तिचे श्रेय अर्थातच उपचारांना मिळाले असावे, कारण रोग स्वतःहून मागे सरतो ही गोष्ट त्या काळी कोणास माहीत नव्हती. पुढील वीस वर्षांत पायांतील बळ गेले, चाकांची खुर्ची आली आणि १८४८ च्या डिसेंबरात त्याचा अंत झाला. डोळ्याच्या आतील भाग पाहण्याचे हेल्महोल्ट्झचे उपकरण त्यानंतर तीन वर्षांनी, १८५१ मध्ये, अवतरले. देस्तेची रोजनिशी डग्लस फर्थ यांनी १९४८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनी, ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

देस्तेच्या वृत्तांतात शोक आणि दृष्टिदोष एकामागोमाग येतात. पहिल्यामुळे दुसरा उद्भवला, असा अर्थ वाचकाच्या मनात येणे सोपे आहे. एकोणिसाव्या शतकातील वैद्यकानेही तसाच अर्थ लावला होता. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या व्याधीचे स्वतंत्र वर्णन करून तिला नाव दिले. डोळ्यांच्या बाहुल्यांची अनैच्छिक थरथर हे त्यांनी सांगितलेल्या तीन प्रमुख लक्षणांपैकी एक होय. परंतु कारणांची चर्चा करताना त्यांनी थंडी व दमट हवा यांच्या जोडीने दीर्घकाळ चाललेले दुःख, विवाहबाह्य गर्भधारणा आणि समाजात अवघड स्थितीत राहणाऱ्या स्त्रियांना सोसावे लागणारे ताप यांचाही उल्लेख केला. त्यांत काही शिक्षिकांचे उदाहरण दिले. चट्टे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा हा थोर निरीक्षक कारणांच्या बाबतीत मात्र आपल्या समाजाचे पूर्वग्रह उचलून घेत होता, असे म्हणणे प्राप्त आहे. या मताचा परिणाम घरगुती जीवनावर झाल्यावाचून राहिला नाही. दुःखामुळे रोग झाला असे मानले, की रोग्याचे वर्तन, त्याचा विवाह, त्याचा स्वभाव हे सारे चौकशीचे विषय होतात. ज्या स्त्रीची दृष्टी महिनाभर जाऊन परत येई, तिच्या तक्रारीवर उन्मादाचा, म्हणजे हिस्टेरियाचा, शिक्का बसणे तर फारच सोपे होते.

रुग्णांचे शब्द गांभीर्याने घेणारे वैद्यही होते. जर्मन नेत्रवैद्य व्हिल्हेल्म ऊठहोफ यांनी या व्याधीच्या १०० रुग्णांचे डोळे तपासून १८९० च्या सुमारास आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी चार रुग्णांनी एक विचित्र गोष्ट सांगितली : चालण्याचे किंवा इतर श्रम झाले की दृष्टी मंदावते आणि विश्रांती घेतली की परत येते. ऊठहोफ यांनी हा श्रमाचा परिणाम मानला. शरीराचे तापमान वाढल्याने हे घडते, हे पुढे स्पष्ट झाले. किंबहुना विसाव्या शतकाच्या मध्यास रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणे वाढतात का हे पाहण्याची निदानपद्धतीही प्रचारात होती. ऊठहोफ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या घटनेचा गृहजीवनाशी असलेला संबंध वैद्यकीय ग्रंथांत फारसा मांडला जात नाही. चुलीची धग, कढत पाण्याने स्नान, उन्हातून मुलांना शाळेत पोहोचविणे, ज्वर चढणे, या सर्व प्रसंगी दृष्टी तासाभरापुरती ढळू शकते. सकाळी वृत्तपत्र वाचणारी व्यक्ती दुपारी तांदळातले खडे दिसत नाहीत असे म्हणते, तेव्हा घरच्यांना ते कामचुकारपणाचे निमित्त वाटावे यात आश्चर्य नाही.

अशाच प्रकारची दुसरी घटना भौतिकीच्या मार्गाने उजेडात आली. येना येथील त्साइस कंपनीतील शास्त्रज्ञ कार्ल पुलफ्रिख यांनी १९२२ मध्ये असे दाखविले की, एका डोळ्याकडून येणारा संदेश किंचित उशिरा पोहोचला, तर सरळ रेषेत झुलणारा लंबक दीर्घवर्तुळात फिरत असल्यासारखा दिसतो. पुलफ्रिख स्वतः एका डोळ्याने अंध असल्यामुळे ही घटना त्यांना प्रत्यक्ष पाहता येत नव्हती. ऑप्टिक नर्व्हचा दाह होऊन गेलेल्या माणसाच्या बाबतीत हा विलंब निसर्गतःच उत्पन्न होतो. मग समोरून येणारे वाहन नेमके कोठे आहे, मुलाने फेकलेला चेंडू कोणत्या बाजूने येतो आहे, पेल्यात पाणी ओतताना धार कोठे पडते आहे, याचा अंदाज चुकतो. अक्षरफलकावरची शेवटची ओळ तो बिनचूक वाचतो, आणि रस्ता ओलांडताना मुलाचा हात धरावयास घाबरतो.

व्याधीचा संसारावर होणारा परिणाम प्रथम निःसंकोचपणे कागदावर उतरविला तो ब्रूस फ्रेडरिक कमिंग्ज या इंग्रज प्रकृतिवैज्ञानिकाने. 'बार्बेलियन' या टोपणनावाने तो प्रसिद्ध आहे. त्या नावाची पूर्ण आद्याक्षरे त्याने व्हिल्हेल्म, नीरो आणि पायलट या तीन कुप्रसिद्धांवरून घेतली होती, यावरून त्याच्या स्वभावाची थोडी कल्पना यावी. १८८९ मध्ये डेव्हनमधील बार्नस्टपल येथे जन्मलेला हा तरुण १९१२ पासून लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात नोकरीस होता. १९१५ च्या सप्टेंबरात त्याने एलिनॉर बेंगर हिच्याशी विवाह केला. दोनच महिन्यांनी सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीसाठी त्याला जावे लागले. त्याच्या डॉक्टरने भरतीच्या अधिकाऱ्यासाठी एक बंद पत्र दिले होते. तपासणीत तो तत्काळ अपात्र ठरला आणि पत्र देण्याची वेळच आली नाही. परतताना आगगाडीत त्याने ते फोडले. आपल्याला झालेल्या व्याधीचे नाव त्याला अशा रीतीने कळले.

पुढील वर्षभराची कथा या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. आपल्याला कळले आहे हे त्याने पत्नीस सांगितले नाही. ती गर्भवती होती, तिला धक्का बसू नये हा त्याचा हेतू. १९१६ मध्ये त्यांना कन्या झाली. त्यानंतर त्याच्या ध्यानात आले की, पत्नीला हे सारे विवाहापूर्वीपासूनच ठाऊक होते. डॉक्टरांनी तिला पूर्वसूचना दिली होती आणि तरीही तिने विवाह केला होता. म्हणजे एकाच छपराखाली दोन माणसे एकच गोष्ट एकमेकांपासून जपत होती. दोघांचाही हेतू प्रेमाचा होता आणि दोघेही त्यामुळे एकाकी झाली होती. बार्बेलियनच्या रोजनिशीत डोळ्यांपेक्षा हातापायांतील बधिरपणा व हृदयाची धडधड यांचे वर्णन अधिक येते. तथापि व्याधीचे ज्ञान कुटुंबात कसे वाटले जाते, किंवा वाटले जात नाही, याविषयी तिच्याइतका मोलाचा पुरावा त्या काळातला दुसरा सापडणे कठीण आहे. सत्य उघड झाल्यानंतरच्या नोंदींत पत्नीविषयीचा सूर पालटतो. तोवर तो स्वतःला केवळ फसविणारा समजत होता. आता आपणही जपले जात होतो, हे त्याला उमगले.

१९१७ मध्ये त्याने नोकरी सोडली. १९१९ च्या आरंभी एच. जी. वेल्स यांच्या प्रस्तावनेसह रोजनिशी प्रसिद्ध झाली. तिच्या अखेरीस लेखकाचा मृत्यू १९१७ च्या ३१ डिसेंबरला झाल्याची टीप आहे. ती त्याने स्वतःच रचलेली. प्रत्यक्षात तो १९१९ च्या ऑक्टोबरात, वयाच्या तिसाव्या वर्षी वारला. आपल्या मृत्यूची बातमी आपणच छापणाऱ्या लेखकाला काही टीकाकारांनी नाटकी म्हटले. परंतु रोगाची गती दुसऱ्यांच्या हाती असताना शेवटची तारीख तरी आपण ठरवावी, ही इच्छा समजण्यासारखी आहे.

रुग्णापासून निदान लपविणे ही बार्बेलियनच्या डॉक्टरची वैयक्तिक लहर नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आणि त्यानंतरही काही काळ अनेक मज्जाविकारतज्ज्ञ निदान प्रथम नातलगांस सांगत, रुग्णास नव्हे. यामागे दया होती, तसेच हाती उपाय नसल्याची जाणीवही होती. नातलगांनीही लपवावे व रुग्णानेही लपवावे, असा हा रिवाज युरोपात जुनाच होता. जर्मन कवी हाइनरिख हाइने १८४८ पासून १८५६ पर्यंत पॅरिसमध्ये शय्येला खिळून होता. त्याला पापण्या उचलता येत नसत, दृष्टी क्षीण झाली होती. पण हॅम्बुर्गमधील वृद्ध मातेला तो आपली अवस्था कळू न देता खेळकर पत्रे पाठवीत राहिला. त्याच्या व्याधीचे निदान वादग्रस्त आहे, ती मल्टिपल स्क्लेरोसिसच होती असे निश्चयाने म्हणता येत नाही. तो आठवतो तो निदानामुळे नव्हे, त्या पत्रांमुळे.

रुग्णांच्या मनःस्थितीचा पद्धतशीर अभ्यास वैद्यकाने प्रथम हाती घेतला तो १९२६ मध्ये. लंडनमधील कॉट्रेल आणि किनिअर विल्सन यांनी १०० रुग्णांच्या भावनिक अवस्थेची पाहणी केली. त्यांचा निष्कर्ष चमत्कारिक होता : बहुसंख्य रुग्ण प्रसन्न, आशावादी आणि आपल्या दुर्बलतेविषयी निश्चिंत आढळले, खिन्न असे थोडेच. ही अकारण प्रसन्नता व्याधीचेच एक लक्षण आहे असे त्यांनी मानले आणि पुढे अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांतून तीच गोष्ट शिकविली गेली. हे निरीक्षण सर्वस्वी खोटे होते असे नाही. मेंदूतील चट्ट्यांमुळे काही रुग्णांत, विशेषतः व्याधी बरीच पुढे गेलेली असता, अशी अवस्था खरोखरच येते. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पाहण्यांनी चित्र पालटले. नैराश्य हेच या रुग्णांत फार मोठ्या प्रमाणावर आढळते, सर्वसाधारण लोकांपेक्षा कितीतरी अधिक, हे आता सर्वमान्य आहे.

मग १९२६ मध्ये डॉक्टरांपुढे हसतमुख बसलेली माणसे कोण होती? एक शक्यता अशी की, त्यांपैकी काही जण तेच करीत होते जे बार्बेलियन आपल्या पत्नीपुढे करीत होता. पांढऱ्या अंगरख्यापुढे मन मोकळे न करणे ही सामान्य मनुष्याची रीत आहे. आणि घरी परतल्यावर मुलांपुढे हसावयाचे असेल, तर ते हसू वाटेत उतरवून ठेवता येत नाही. रोजनिशी आणि रुग्णपत्र यांत जेथे असा विरोध दिसतो, तेथे इतिहासकाराने केवळ छापील आकड्यांच्या बाजूने कौल देणे युक्त होणार नाही.

हा विरोध सर्वांत तीव्रतेने जाणवतो तो मातांच्या बाबतीत. व्याधी पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होते. अमेरिकेत १९८८ ते १९९१ या काळात ऑप्टिक नर्व्हच्या दाहाने ग्रस्त अशा ४५७ रुग्णांना घेऊन एक मोठा उपचारप्रयोग करण्यात आला. त्या रुग्णांत सुमारे तीनचतुर्थांश स्त्रिया होत्या व सरासरी वय ३२ होते. म्हणजे ज्या वयात मूल मांडीवर असते, नेमके तेच हे वय. शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडमुळे दृष्टी लवकर परतते, पण अखेरची दृष्टी उपचार न घेतलेल्यांइतकीच राहते, असे १९९२ मध्ये आढळून आले. रुग्णांचा पाठपुरावा पुढे अनेक वर्षे चालू ठेवला गेला. १५ वर्षांच्या अखेरीस त्यांतील निम्म्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस झाल्याचे दिसले. आरंभीच्या एम.आर.आय. चित्रात मेंदूत एकही चट्टा नसलेल्यांत हे प्रमाण २५ टक्के होते, तर एक किंवा अधिक चट्टे असलेल्यांत ७२ टक्के. या आकड्यांनी डॉक्टरांपुढील जुना पेच नव्या रूपात उभा केला. एक डोळा महिन्यात बरा झालेल्या तरुण मातेला पुढील पंधरा वर्षांची ही शक्यता सांगावी की सांगू नये? बार्बेलियनच्या डॉक्टरने पाकीट बंद ठेवले होते. आता पाकीट उघडून हाती देण्याची रीत रूढ झाली आहे. पाकिटातील मजकूर मात्र अजूनही शक्यतेचाच आहे, आणि शक्यतेसह संसार करावयाचा म्हणजे काय, हे कोणताही आकडा सांगत नाही.

मातृत्वाविषयीचा वैद्यकीय सल्ला हा या इतिहासातील आणखी एक कठोर अध्याय होय. गर्भधारणेमुळे व्याधी बळावते अशा समजुतीने कित्येक दशके स्त्रियांना अपत्य होऊ न देण्याचा, प्रसंगी गर्भपाताचाही, सल्ला दिला जात असे. १२ युरोपीय देशांतील २५४ स्त्रियांच्या २६९ गर्भधारणांचा मागोवा घेणारा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा वस्तुस्थिती स्पष्ट झाली. गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत व्याधीचे झटके पुष्कळ कमी होतात, प्रसूतीनंतरच्या तीन महिन्यांत वाढतात आणि नंतर मूळ पातळीवर येतात. एकंदरीत गर्भधारणेने दीर्घकालीन हानी होत नाही. भीती चुकीच्या जागी होती. सांभाळावयाचे होते ते बाळंतपणानंतरचे दिवस : रात्रीची जागरणे, दूध पाजणे, आणि त्यातच एखाद्या डोळ्यापुढे पडदा.

या काळातील दोन अमेरिकन लेखिकांची साक्ष येथे उपयोगी आहे. दोघीही माता होत्या आणि दोघींच्याही निदानात डोळ्यांचा भाग होता. जोन डिडियन यांच्या १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द व्हाइट अल्बम' या संग्रहातील शीर्षकनिबंधात १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरचा काळ आला आहे. त्यांनी १९६६ मध्ये दत्तक घेतलेली कन्या तेव्हा लहान होती. निबंधात त्यांनी १९६८ च्या उन्हाळ्यातील स्वतःचा मनोवैद्यकीय अहवाल जसाच्या तसा दिला आहे आणि पुढे दृष्टीच्या तक्रारींसाठी केलेल्या तपासण्यांची लांबलचक जंत्री दिली आहे. दोन नेत्रवैद्य आणि तीन मज्जाविकारतज्ज्ञ यांच्या भेटींनंतर दोष डोळ्यांत नसून मध्यवर्ती मज्जासंस्थेत आहे असे त्यांना सांगण्यात आले. व्याधीचे नाव उच्चारणे तज्ज्ञाला आवडत नव्हते, हेही त्या नोंदवितात. मनाचा अहवाल आणि डोळ्यांचा अहवाल त्यांनी एकाच निबंधात ठेवले व त्यांच्यामधला संबंध वाचकावर सोपविला. शार्कोंच्या काळी हा संबंध डॉक्टर ठरवीत. डिडियन यांची व्याधी पुढे शांत राहिली. २०२१ मध्ये, ८७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

नॅन्सी मेअर्स यांचा मार्ग अधिक खडतर होता. १९४३ मध्ये जन्मलेल्या मेअर्स यांना अठ्ठाविसाव्या वर्षाच्या सुमारास अडखळण्याचा आणि हातातून वस्तू पडण्याचा त्रास सुरू झाला. प्रथम मेंदूत गाठ असावी असे सांगण्यात आले. पुढे एका डोळ्यात धूसर ठिपका उमटला, तेव्हा कोठे निदान पुरे झाले. कारण शरीराच्या वेगवेगळ्या भागांत आणि वेगवेगळ्या वेळी झालेले आघात, अशी या निदानाची अट आहे. १९८६ च्या 'प्लेनटेक्स्ट' या संग्रहातील त्यांचा अपंगत्वावरील निबंध प्रसिद्ध आहे. पती आणि दोन मुले असलेल्या घरात या व्याधीसह राहणे म्हणजे काय, हे त्यांनी कोणताही आडपडदा न ठेवता लिहिले. त्यांचे सर्वांत मर्मभेदी निरीक्षण असे : आपल्याला घरची माणसे केवळ कीव म्हणून तर चालवून घेत नाहीत ना, ही शंका रुग्णाला सतत कुरतडते आणि त्या शंकेपायी सर्वांना सदा खूश ठेवण्याचे दडपण येते. १९२६ च्या पाहणीतील प्रसन्नतेचे एक स्पष्टीकरण येथे, साठ वर्षांनंतर, एका रुग्णाच्याच लेखणीतून मिळते. मेअर्स नैराश्याच्या गर्तेतून गेल्या होत्या, आत्महत्येचा प्रयत्नही त्यांनी केला होता, आणि तेही त्यांनी लपविले नाही. मुलांना आई आजारी आहे हे माहीत असणे आणि आईने ते मुलांशी मोकळेपणाने बोलणे, यांत बार्बेलियनच्या घरापासून किती अंतर कापले गेले ते दिसते.

या बदलाचे श्रेय केवळ लेखिकांच्या धैर्याला देता येणार नाही. त्याला तंत्राचाही आधार मिळाला. १९७२ मध्ये लंडनच्या हॅलिडे, मॅकडॉनल्ड व मुशिन यांनी डोळ्यांपुढे बुद्धिबळाच्या पटासारखी आकृती हलवून मेंदूच्या मागील भागात उमटणारा विद्युत्-प्रतिसाद मोजला. ज्यांची दृष्टी पूर्ण सुधारली असे समजले जात होते, त्यांच्यातही हा प्रतिसाद उशिरा येतो असे आढळले. ज्या तक्रारीला तोवर रुग्णाच्या शब्दाखेरीज पुरावा नव्हता, ती आता कागदावरील आलेखात उमटू लागली. १९८१ पासून एम.आर.आय. चित्रांत चट्टे प्रत्यक्ष दिसू लागले. १९९३ पासून व्याधीची गती कमी करणारी औषधे मान्यता पावू लागली. सांगण्यासारखे काही हाती आल्यावर सांगण्याची प्रथा वाढली. दयेने जे शक्य झाले नाही ते औषधाने केले, असे थोड्या कडवटपणे म्हणता येईल.

भारतात ही व्याधी दुर्मिळ आहे अशी समजूत दीर्घकाळ होती. १९८८ आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई व पुणे येथील पारशी समाजाच्या पाहण्यांनी त्या समाजात तिचे प्रमाण इतर भारतीयांपेक्षा पुष्कळ अधिक असल्याचे दाखविले. मुंबईतच १९८५ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. एम.आर.आय. यंत्रे जसजशी शहरांत पसरली, तसतसे इतर समाजांतील रुग्णही दृष्टीस येऊ लागले. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आशियातील ज्या रुग्णांत डोळे आणि मज्जारज्जू यांवरच मुख्य आघात दिसे, त्यांना पूर्वी याच व्याधीत गणले जाई. २००४ मध्ये एका विशिष्ट प्रतिपिंडाचा शोध लागला आणि त्यांपैकी पुष्कळांची व्याधी वेगळी, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका नावाची, असल्याचे सिद्ध झाले. जुन्या भारतीय रुग्णपत्रांवरून निष्कर्ष काढणाऱ्या अभ्यासकाने हा फरक विसरून चालणार नाही. हाइनेच्या बाबतीत जी अडचण आहे, तीच येथे शेकडो अनाम रुग्णांच्या बाबतीत आहे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात या व्याधीचा नावाने समावेश झाला आणि प्रमाणपत्राचा मार्ग खुला झाला. परंतु दृष्टिदोषाची टक्केवारी ठरविण्यासाठी त्या दिवशीची अक्षरफलकावरील दृष्टी आणि दृष्टिक्षेत्राचा विस्तार यांचीच मोजणी होते. फिकट राखाडी अक्षरांचे, कमी भेदाचे फलक या व्याधीच्या संशोधनात एकविसाव्या शतकात रूढ झाले, ते ठळक काळी अक्षरे वाचणाऱ्यांचा दोष पकडण्यासाठी. दुपारच्या उकाड्यात, स्वयंपाकघरात उभे असताना, पाठीमागून हाक मारणाऱ्या मुलाकडे वळल्यावर त्याच्या चेहऱ्याच्या जागी काही क्षण नुसता धूसर आकार दिसतो, ही तक्रार प्रमाणपत्राच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. ती अजून रुग्णाच्या तोंडूनच ऐकावी लागते.